बर्फाचा जमाखर्च



तीर्थपुरीच्या माणसाला हिमनदीशी काय देणेघेणे, असे तुम्ही म्हणाल. आपली गोदावरी तर पावसाच्या पाण्यावर वाहते. परंतु मागे वर्गात एका मुलीने विचारले, "सर, हिमनदी मागे हटते म्हणजे ती चढावर जाते का?" मी घाईत "तसेच काहीसे" म्हणून मोकळा झालो. घरी पुस्तक उघडले तेव्हा कळले की माझे उत्तर साफ चुकले होते. ते आज सर्वांसमोर दुरुस्त करतो.

हिमनदीचा बर्फ कधीच वर चढत नाही. स्वतःच्या वजनाने तो सतत खालीच सरकतो. उंचावर हिम पडते, थरावर थर साचतात आणि दाबाने काही वर्षांत त्यांचा घट्ट बर्फ बनतो. ही झाली जमा. तोच बर्फ खालच्या उबदार भागात येऊन वितळतो. हा झाला खर्च. वितळणे जास्त झाले की पुढे येणारा बर्फ टोकाशी पोहोचण्याआधीच संपतो, म्हणून टोक मागे गेलेले दिसते. पगार दरमहा येतो, पण महिनाअखेर पुरत नाही, तसेच हे.

हा हिशेब प्रत्यक्ष मोजला जातो. हिमाचल प्रदेशात लाहौल-स्पिती जिल्ह्यात छोटा शिगरी ही हिमनदी आहे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या संशोधकांनी 2002 पासून तेथे मोजणी सुरू केली. खालच्या भागात बर्फाला भोके पाडून बांबूच्या काठ्या रोवतात. वर्षाने काठी किती उघडी पडली, तितका बर्फ गेला. वरच्या भागात खड्डा खणून नव्या हिमाची जाडी आणि वजन पाहतात. काही वर्षी थोडी शिल्लक पडली, परंतु सर्व वर्षांची बेरीज तुटीचीच आली.

डॉ. अनिल कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहाच्या चित्रांवरून चिनाब, पार्वती आणि बास्पा खोऱ्यांतील 466 हिमनद्या तपासल्या. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, 1962 साली 2077 चौरस किलोमीटर असलेले त्यांचे क्षेत्र 1628 वर आले होते. म्हणजे शंभरातले एकवीस भाग गेले.

यातली फसवी गोष्ट ध्यानात घ्या. बर्फ जास्त वितळू लागला की प्रथम नदीला पाणी वाढते. खालच्या शेतकऱ्याला वाटते, बरकत आली. पण ते व्याज नसते, मुद्दल असते. मुद्दल आटत गेले की पाणीही घटते.

आपल्याकडे बर्फ नाही, पण जमिनीच्या पोटातले पाणी हे आपले मुद्दल आहे. 2012 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळल्या, ते आपण डोळ्यांनी पाहिले. बोअर आणखी खोल नेले की पाणी लागते आणि आपण खूश होतो. हिशेब मात्र कोणी ठेवत नाही.

म्हणून पालकांना एक विनंती. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आपल्या विहिरीत दगड बांधलेली दोरी सोडून पाणी किती हातांवर आहे ते मोजा आणि वहीत तारखेसह लिहा. हे काम घरातल्या शाळकरी मुलाकडे किंवा मुलीकडे द्या. एका वर्षाने फार कळणार नाही. पाच वर्षांनी ती वही खरे बोलेल.

आणि मुलांनी प्रश्न विचारला तर माझ्यासारखे घाईत उत्तर देऊ नका. ठाऊक नसेल तर "उद्या पाहून सांगतो" म्हणा, आणि खरोखर पाहून सांगा.