भागाकार न करता हिशेब तपासा
(ग्रामसंघाच्या मासिक सभेतील बोलणं)



आज मी कर्जावर, बँकेवर बोलणार नाही. शाळेतल्या गणितावर बोलणार आहे. हसू नका! याच गणितानं आमच्या गटातल्या एका ताईची अब्रू वाचवली.

झालं असं, सभा संपली, पैसे मोजले, तर वहीपेक्षा २७० रुपये कमी. दोनदा मोजले, तरी तेवढेच. सगळ्या सचिवताईंकडं बघायला लागल्या. कुणी काही बोललं नाही, पण न बोलणंच जास्त लागतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी म्हटलं, थांबा. २७० चे अंक मिळवा. दोन आणि सात, नऊ. म्हणजे नऊनं भाग जातो. मग आधी बघू, कुठं आकडे उलटे पडलेत का. पावत्या काढल्या. एकीनं हप्ता भरला होता १,३६० रुपये, वहीत पडले होते १,६३०. फरक बरोबर २७०!

हे कसं कळतं? नऊ जणींत शंभर रुपये वाटा. प्रत्येकीला ११, उरतो १. दहा वाटले तरी १ उरतो, हजार वाटले तरी १. आता पापडाचा नफा ४,७३४ रुपये आला असं धरा. चार हजारांचे उरले ४, सातशेचे ७, तीसचे ३, आणि सुटे ४. झाले १८. ते नऊ जणींत दोन-दोन वाटले, संपले. प्रत्येकीला ५२६. नफा ४,७३८ असता, तर बेरीज २२, पुन्हा दोन आणि दोन ४. म्हणजे वाटून ४ रुपये उरणार. ते गटात जमा करा, वाद नको.

आकडे उलटे पडले तरी अंक तेच राहतात, बेरीज तीच राहते. म्हणून फरकाला नऊनं भाग जातोच. पण बायांनो, उलटं धरू नका. फरकाला नऊनं भाग गेला म्हणजे चूक हीच, असं नाही. आधी कुठं शोधायचं, एवढंच कळतं.

आता बाकीच्या युक्त्या लिहून घ्या.

दोन : शेवटी ०, २, ४, ६, ८ असेल तर भाग जातो.

पाच : शेवटी ० किंवा ५.

दहा : शेवटी ०.

चार : फक्त शेवटचे दोन अंक बघा. ३१६ पाकिटं चौघींत वाटायचीत? १६ ला चारनं भाग जातो, म्हणून ३१६ लाही जातो. प्रत्येकीला ७९. शंभराला चारनं भाग जातोच, म्हणून पुढचे अंक बघायची गरज नाही.

तीन : अंकांची बेरीज करा. तिला तीननं भाग गेला, तर आकड्यालाही जातो.

सहा : दोन आणि तीन, दोन्ही कसोट्या लागल्या पाहिजेत.

तीनची कसोटी सभेतच वापरा. बचत प्रत्येकी १५० रुपये असेल, तर एकूण रकमेला तीननं भाग गेलाच पाहिजे. जमले १,७५०? एक, सात, पाच मिळून १३. भाग जात नाही. कुणाची तरी रक्कम कमी आली, नाहीतर मोजणी चुकली. पण कुणी १५० पूर्ण द्यायचेच राहिले, तर १,६५० येतील आणि त्याला तीननं भाग जाईल! म्हणून हजेरीशी ताळा घ्यायचाच.

पुढच्या सभेत पैसे कमी भरले, तर एवढं करा. माणसाकडं बघायच्या आधी फरकाचे अंक मिळवा. गट पैशावर चालतो, पण टिकतो विश्वासावर.