आजार यकृताचा, गोंधळ मेंदूचा
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील आरोग्यविषयक भाषण)



सेक्रेटरींनी दहाच मिनिटं दिली आहेत, नंतर मुलांचे नाच आहेत. म्हणून एकच विषय घेतो.

घरातले आजोबा दिवसा पेंगतात, रात्री टक्क जागे. सही वेडीवाकडी होते. औषध घेतलं की नाही ते आठवत नाही, उगाच चिडतात. आपण म्हणतो, "वय झालं." पण त्यांना सिरोसिस, म्हणजे यकृताचा जुना आजार असेल, तर हा दोष वयाचाच असेल असं नाही.

खाल्लेल्या प्रथिनांपासून आतड्यातले जंतू अमोनिया तयार करतात. धडधाकट यकृत त्याचा युरिया करतं आणि तो लघवीवाटे निघून जातो. यकृत थकलं की अमोनिया रक्तातून मेंदूपर्यंत पोचतो. आधी झोप उलटी होते, मग विसराळूपणा येतो. हात पुढे ताणून धरायला सांगितलं तर पंजे फडफडतात. शेवटी माणूस बेशुद्धही होतो.

निमित्त बरेचदा साधं असतं: बद्धकोष्ठ, जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी होणं, इन्फेक्शन, किंवा मनाने घेतलेली झोपेची गोळी. डॉक्टर लॅक्ट्युलोजचं गोड औषध देतात. ते नुसतं पोट साफ करत नाही, अमोनियाही कमी करतं. दिवसातून दोन-तीनदा साफ व्हायला हवं. "आता बरं वाटतंय" म्हणून ते परस्पर बंद करू नका.

आता जेवणाचं. "लिव्हरचा पेशंट आहे, डाळ बंद, दूध बंद, नुसती पेज द्या," हे घरोघरी चालतं. पूर्वी डॉक्टरही प्रथिनं तोडायला सांगत. आता उलट सांगतात. कारण अमोनिया काढून टाकायला स्नायूही मदत करतात. उपाशी ठेवलं की स्नायू झिजतात आणि त्रास वाढतो. वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. मटणापेक्षा डाळी, दूध, दही जास्त मानवतं. थोडं थोडं, चार-पाच वेळा द्या आणि झोपण्याआधीही काहीतरी खायला द्या. अशा माणसाने एकादशी-चतुर्थीचा कडक उपास करू नये. देव समजून घेईल!

बाकीच्यांनी दारूपासून लांब राहावं, वजन आणि साखर सांभाळावी. बाळाला जन्मल्यावर २४ तासांत हिपॅटायटिस बीची लस द्यावी.

एवढं मात्र लक्षात ठेवा. यकृताचा पेशंट अचानक असंबद्ध बोलू लागला, तर "सकाळी बघू" म्हणू नका. शेजाऱ्यांची बेल वाजवा आणि त्याच रात्री हॉस्पिटल गाठा. वेळेत उपचार झाले तर बहुतेक वेळा माणूस पुन्हा भानावर येतो.

सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा.