दुरून घेतलेलें स्पष्ट छायाचित्र

पुणें शहराच्या नैर्ऋत्येस, मुठा नदीच्या कांठीं वारजे हें गांव आहे. शहर वाढत वाढत तेथवर पोहोंचलें आणि गांव पुण्यांत सामावून गेलें. गांवालगत वनखात्याची सुमारें १६.८ हेक्टरांची टेकडी आहे. एके काळीं ती उजाड होती. वनखातें, सेवाभावी संस्था व नागरिक यांच्या श्रमांनीं तिच्यावर झाडी उभी राहिली आणि ५ जून २०२० रोजीं, जागतिक पर्यावरणदिनीं, केंद्र सरकारनें नगरवनांचा नमुना म्हणून तीच टेकडी देशापुढें मांडली.

जेथें झाडी आणि पाणी येतें तेथें पक्षी येतात. आणि पक्ष्यांच्या मागोमाग कॅमेरा घेतलेला मनुष्यही येतो. खरा प्रश्न येथेंच उत्पन्न होतो.

टिटवीचेंच उदाहरण पाहावें. ही घरटें बांधीत नाहीं. उघड्या माळावर, खड्यांच्या मधोमध उथळ खळगा करून त्यांत ती बहुधा चार अंडीं घालते. अंड्यांचा रंग मातीखड्यांशीं इतका मिळून जातो कीं, पायाशीं असूनही तीं दिसूं नयेत. विणीचा काळ मार्चच्या सुमारास, म्हणजे ऐन उन्हाच्या तोंडीं सुरू होतो. मनुष्य जवळ आला कीं टिटवी उठते, ओरडत घिरट्या घालते, आणि तोंवर अंडीं तापत राहतात. पोटाचीं पिसें पाण्यांत भिजवून आणून ती अंड्यांना गारवा देते. परंतु छायाचित्रकार समोर ठाण मांडून बसला तर तिनें परतावें कसें? तेव्हां दुरूनच स्पष्ट चित्र कसें मिळेल, हा केवळ हौसेचा प्रश्न राहत नाहीं.

त्याचें एक उत्तर पक्षिनिरीक्षकांच्या एकाक्ष दुर्बिणींत, म्हणजेच स्पॉटिंग स्कोपमध्यें आहे. १९९९ सालीं मलेशियांतील लॉरेन्स पो या पक्षिनिरीक्षकानें आपला लहानसा डिजिटल कॅमेरा अशा दुर्बिणीच्या नेत्रभिंगाशीं धरून पाहिला आणि दूरच्या पक्ष्याचें चित्र उमटलें. ही युक्ति जगभर पसरली; तिला डिजिस्कोपिंग असें नांव मिळालें.

दुर्बिणीच्या मागें कॅमेरा बसविण्याची विद्या मात्र पुण्याला त्यापूर्वींच ठाऊक होती. पुण्याच्या सायन्स कॉलेजांतील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीं तेथें महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारली होती. तिच्यांतील २० इंची आरशाची दुर्बीण त्या काळीं हिंदुस्थानांत सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळीं सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें पथक नेऊन त्यांनीं सूर्यप्रकाशाच्या वर्णपटाचीं छायाचित्रें घेतलीं. खग्रास अवस्था मिनिटा-दोन मिनिटांची. त्या अवधींत यंत्र हाललें असतें तर साऱ्या तयारीवर पाणी पडलें असतें. साधनें बदललीं, परंतु हा धडा बदललेला नाहीं.

आतां या जोडणीचें गणित पाहूं गेल्यास तें सोपें आहे. कॅमेऱ्याच्या भिंगाचें केंद्रांतर ५० मिलिमीटर असून दुर्बीण वस्तु २० पट मोठी दाखवीत असेल, तर दोहोंचें मिळून केंद्रांतर १००० मिलिमीटर होतें. दुर्बिणीचें पुढील भिंग ८० मिलिमीटर व्यासाचें असेल, तर १००० ला ८० नीं भागून छिद्रांक १२.५ येतो. हौशी मनुष्य येथेंच थांबत नाहीं. तो नेत्रभिंग फिरवून ६० पट करतो. केंद्रांतर ३००० होतें, छिद्रांक ३७.५ वर जातो आणि प्रकाश नऊ पटींनीं घटतो. मग शटर अधिक वेळ उघडें ठेवावें लागतें, आणि वाऱ्याच्या झुळुकेनें झालेला कंपही चित्रांत उतरतो. शिवाय प्रकाशाच्या विवर्तनामुळें रेषा बोथट होतात त्या वेगळ्याच. मोठें दिसणें आणि स्पष्ट दिसणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

चित्राचा दुसरा शत्रु म्हणजे सैल जोडणी. दुर्बिणींतून बाहेर पडणारा प्रकाश नेत्रभिंगामागें एका लहानशा वर्तुळांत एकवटतो. ८० मिलिमीटरांच्या दुर्बिणीस २० पटीवर हें वर्तुळ अवघें ४ मिलिमीटरांचें असतें. कॅमेऱ्याचें भिंग नेमकें या वर्तुळापाशीं यावें लागतें. तें अधिक दूर गेलें कीं चित्राच्या कडा काळ्या होतात. किंचित् तिरपें झालें कीं एक बाजू स्पष्ट आणि दुसरी पुसट होते. हात हें काम क्षणभर करील, घटकाभर करणार नाहीं. म्हणून दोन्ही यंत्रांचा अक्ष एका रेषेंत धरून ठेवणारें जोडकडें, म्हणजे अडॅप्टर, वापरावें. मोबाइल फोनला अनेक भिंगें असतात आणि तो आपण होऊन एकावरून दुसऱ्यावर जातो. तेव्हां मुख्य भिंग ठरवून तेंच कायम ठेवावें.

पुढील क्रम अनुभवानें सिद्ध झालेला आहे. तिपाई जड असावी आणि तिचा मधला दांडा खालींच ठेवावा. प्रथम २० पटीवर पक्षी शोधावा, डोळ्यानें दुर्बिणीचें केंद्रीकरण करावें आणि मगच कॅमेरा बसवावा. पडद्यावरील चित्र मोठें करून पक्ष्याच्या डोळ्यावर शेवटची बारीक जुळणी करावी. बटण बोटानें दाबूं नये. दोन सेकंदांचा विलंब लावावा, म्हणजे स्पर्शाचा कंप तोंवर शमतो. एकाऐवजीं दहा चित्रें घ्यावीं. त्यांतील एखादें निश्चल क्षणीं टिपलेलें असतें.

इतकें करूनही एक गोष्ट मनुष्याच्या हातीं राहत नाहीं. ती म्हणजे हवा. वैशाखांतील दुपारीं तापलेल्या माळावरून हवेच्या लाटा उठतात आणि दुर्बिणींत टिटवी पाण्याखालीं असल्यासारखी थरथरते. कितीही मोलाचें भिंग येथें कामास येत नाहीं. सूर्योदयानंतरचा पहिला तास हाच खरा काळ. जमीन तेव्हां गार असते आणि प्रकाशही तिरपा, मऊ पडतो. ऊन चढल्यावर यंत्र मिटून घरीं जाणें हेंच शहाणपण. योगायोग असा कीं, अंड्यांवर बसलेल्या टिटवीला ज्या वेळीं उठविणें सर्वांत घातक, त्याच वेळीं चित्रही सर्वांत वाईट येतें.

वारज्याच्या टेकडीवर सकाळीं दुर्बीण लावून दूर बसलेल्या मनुष्याकडे टिटवी एकदां मान वळवून पाहते आणि पुन्हा अंड्यांवर स्वस्थ बसते. त्याच्या चित्रांत तिच्या डोळ्यांभोंवतालची तांबडी कड स्पष्ट उमटलेली असते. आणि चित्र घेऊन तो परत फिरतो तेव्हांही ती जागेवरून उठलेली नसते.