उपास आणि पोटदुखी



माझ्या डोंबिवलीच्या भाचीने हरतालिकेचा निर्जळी उपास केला की पोटात असह्य कळा येत. अपेंडिक्स काढले, तरी कळा राहिल्याच. घरचे म्हणत, सोंग करते. पुढे लघवी लालसर-काळपट दिसली. एका डॉक्टरांनी ती उजेड लागू न देता तपासायला पाठवली. निघाला पॉर्फिरिया! हा विकार आईकडून किंवा वडिलांकडून येतो. उपास, काही औषधे, पाळीचे दिवस त्याला चेतवतात. तपासणी कळा असतानाच करावी. उपचार म्हणजे शिरेतून ग्लुकोज. झटका मोठा असल्यास हेमिन. हे औषध अमेरिकेत १९८३ साली मान्य झाले. भावंडांनीही तपासून घ्यावे.

आता भाची हरतालिकेला जेवून पूजा करते. पार्वती काही रागावली नाही.