बालपणीचे घाव आणि पेशींचे वय

(एका भाषणाचा सारांश)

मार खाल्लेले मूल रडते आणि थोड्या वेळाने खेळू लागते. ते विसरले, असे वडीलधाऱ्यांना वाटते. छळाची आठवण मनात खोलवर राहते, हे अनुभवी शिक्षक जाणतातच. परंतु तिची खूण शरीराच्या पेशींतही राहत असावी, असे अलीकडील संशोधन सुचविते.

पेशींतील गुणसूत्रांच्या टोकांना ‘टेलोमिअर’ नावाचे संरक्षक आवरण असते. दोराचे टोक उकलू नये म्हणून शेतकरी त्यास गाठ मारतो, तसेच हे आवरण गुणसूत्राचे रक्षण करते. पेशीच्या प्रत्येक विभाजनाबरोबर ते सामान्यतः किंचित आखूड होते. फारच आखूड झाले म्हणजे पेशीचे विभाजन थांबते. या रचनेचा उलगडा केल्याबद्दल एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर व जॅक शोस्टाक यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथील संशोधकांनी ३१ प्रौढांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. बालपणी छळ सोसल्याचे सांगणाऱ्यांचे टेलोमिअर इतरांपेक्षा आखूड आढळले. तथापि ही माहिती स्मरणावर आधारलेली होती. पुढे ब्रिटनमध्ये २३६ मुलांची तपासणी पाचव्या व पुन्हा दहाव्या वर्षी करण्यात आली. घरातील मारझोड, सवंगड्यांकडून होणारा छळ आणि मोठ्यांकडून मारहाण यांपैकी दोन वा अधिक प्रकार ज्यांच्या वाट्यास आले, त्यांची टोके अधिक वेगाने झिजलेली दिसली. म्हणजे ही झीज प्रौढपणाची वाट न पाहता बालवयातच सुरू होऊ शकते.

मात्र यावरून कोणत्याही पीडित मुलाचे भवितव्य ठरून गेले, असे मानणे चुकीचे होईल. हे निष्कर्ष समूहांविषयीचे आहेत, एकेका व्यक्तीविषयीचे नव्हेत.

आपल्या देशातील स्थिती विचार करावयास लावणारी आहे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले. दर तिघांपैकी दोघांनी शारीरिक मारहाण सोसली होती, आणि घरच्यांकडून मार खाल्लेल्यांपैकी बहुतेकांना तो आईवडिलांकडूनच मिळाला होता.

शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ अन्वये शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ अन्वये असा अपराध कळताच पोलिसांना कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. मौन बाळगणे हाच अपराध ठरतो. संकटातील बालकासाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

एकाएकी अबोल झालेले, वर्गात दचकणारे, सुटीनंतरही घरी जाण्यास टाळाटाळ करणारे मूल शिक्षकाच्या दृष्टीस प्रथम पडते. शेजारच्या घरातील आरडाओरडा पंचायत सदस्याच्या कानी पडतो. ‘हा त्यांच्या घरचा प्रश्न’ असे म्हणून दोघांनीही पाठ फिरविली, तर त्या मुलाला तिसरे दार उरत नाही. गावाने त्याची वेळीच विचारपूस केली, तर त्याच्या पुढील आयुष्यावरील फार मोठा भार हलका होईल.