यंत्राची भाषा कोणाच्या मालकीची?

(लघुउद्योजक व यंत्रकामगार यांच्या सभेतील व्याख्यानाचा मजकूर)



यंत्राची झीज दोन प्रकारची असते, असे अर्थशास्त्र सांगत आले आहे. पहिली झीज वापराची. लेथच्या बेडवर कॅरेज वर्षानुवर्षे सरकते, स्लाइड झिजतात, बॉलस्क्रूत ढिलाई येते, बेअरिंग आवाज करू लागते. दुसरी झीज काळाची. तेच काम अधिक स्वस्तात करणारे यंत्र बाजारात आले की जुने यंत्र धडधाकट असूनही त्याचे मोल उतरते. मार्क्सने 'भांडवल'च्या पहिल्या खंडात हिला 'नैतिक झीज' म्हटले आहे. हिशेबाच्या वहीत या दोन्ही झिजा 'घसारा' या एकाच शब्दाखाली मांडल्या जातात.

आज मात्र लहान कारखान्यांच्या दारात तिसरीच एक झीज येऊन उभी आहे. यंत्र झिजलेले नाही. नवे यंत्र घेण्याची मालकाची ऐपत नाही आणि हाती असलेल्या कामाला त्याची गरजही नाही. तरीही यंत्र बंद पडते. कारण त्याच्याशी बोलणारा शेजारचा संगणक बदललेला असतो. या झिजेला वहीत रकाना नाही. तिचा बोजा मात्र कोणाला तरी उचलावा लागतोच.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या कार्यप्रणालीचा नेहमीचा विनामूल्य आधार थांबविला. त्याआधी २०१४ मध्ये एक्सपीचा आणि २०२० मध्ये विंडोज ७ चा आधार असाच संपला होता. कचेरीतल्या संगणकाला हा बदल फारसा जाणवत नाही. भोसरी, सातपूर, वाळूज किंवा शिरोली येथील जॉबवर्कच्या शेडमध्ये तो निराळ्या रीतीने जाणवतो. तेथे संगणकाच्या पाठीमागून एक केबल निघालेली असते आणि तिच्या दुसऱ्या टोकाला पंचवीस-तीस वर्षांचे, बहुधा दुसऱ्या हाताने घेतलेले सीएनसी यंत्र असते. त्या केबलमधून काय वाहते, हे समजून घेतल्याशिवाय या प्रश्नाचे अर्थकारण कळणार नाही.

या केबलींचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

पहिली केबल आरएस-२३२ या प्रमाणकाची. हे प्रमाणक अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने १९६० मध्ये प्रसिद्ध केले. जुन्या कंट्रोलरची स्मृती तुटपुंजी असे. साच्याच्या कामाचा लांबलचक प्रोग्रॅम तिच्यात मावत नसे. म्हणून संगणकावरून तो ओळीओळीने पुरवावा लागे. ४८०० किंवा ९६०० बॉड हा वेग, सात बिट, सम पॅरिटी, दोन स्टॉप बिट असे आकडे दोन्ही टोकांना जुळले की संभाषण सुरू होते. नव्या संगणकांवर हे पोर्ट बहुधा नसते. पण यूएसबीचे रूपांतरक लावून काम भागविता येते. त्यातही एक खोच आहे. यंत्राने 'थांब' असा संकेत पाठविला, तरी रूपांतरकाच्या पोटात साठलेली अक्षरे पुढे जातच राहतात. कंट्रोलरला ती सामावत नाहीत आणि ऐन कामात यंत्र एरर दाखवून उभे राहते. तरीही वेग कमी करून, साठवणूक घटवून हा दोष काबूत आणता येतो. तो येतो याचे कारण एकच, की संभाषणाचे नियम छापील आहेत, सार्वजनिक आहेत, आणि कोणत्याही जाणत्या फिटरला वा आयटीआयच्या विद्यार्थ्याला ते वाचता येतात.

दुसरी केबल पंचवीस पिनांच्या पॅरलल पोर्टची. हे पोर्ट मुळात छपाईयंत्रासाठी होते. परंतु लहान राउटर आणि मिलिंग यंत्रे बनविणाऱ्यांनी त्याचा उपयोग स्टेपर मोटरला स्पंद देण्यासाठी केला. येथे प्रश्न वेळेचा असतो. माक३ सारखा प्रोग्रॅम सेकंदाला पंचवीस हजार वेळा या पोर्टकडे लक्ष देतो. एखादा स्पंद हुकला की मोटरचे पाऊल चुकते आणि जॉब वाया जातो. त्यामुळे यूएसबीचे प्रिंटरसाठीचे रूपांतरक येथे निरुपयोगी ठरते. माक३ चा पॅरलल पोर्टचा ड्रायव्हर केवळ ३२ बिटांच्या विंडोजवर चालतो, आणि विंडोज ११ ची ३२ बिटांची आवृत्तीच निघालेली नाही. १६ बिटांचे, डॉसच्या काळातले प्रोग्रॅमही विंडोज १० च्या ३२ बिटी आवृत्तीपर्यंतच चालत होते. म्हणजे नवा संगणक आणला की मोटर शाबूत, ड्राइव्ह शाबूत, स्पिंडल शाबूत. आणि यंत्र मात्र मुके!

तिसरी केबल सर्वांत घातक. ती यंत्र बनविणाऱ्या कंपनीने स्वतः रचलेल्या, संगणकात खोचावयाच्या खास कार्डाला जोडलेली असते. त्या कार्डाचा ड्रायव्हर कंपनीने एकदा लिहिला. पुढे कंपनी विकली गेली, बुडाली किंवा तिला त्या मालात रस उरला नाही. ड्रायव्हरचा मूळ मजकूर गुप्त आहे. संभाषणाचे नियम कोठेही छापलेले नाहीत. अशा यंत्रापुढे अत्यंत कुशल माणूसही हतबल होतो.

तिन्ही केबली एकापुढे एक मांडल्या म्हणजे सूत्र स्पष्ट होते. ज्या यंत्राची भाषा सार्वजनिक, ते यंत्र टिकते. ज्याची भाषा खासगी, ते मालकाच्या शेडमध्ये असूनही पूर्णपणे मालकाचे नसते. लोखंड एकाचे आणि त्याची किल्ली दुसऱ्याची, असा हा व्यवहार आहे.

ही किल्ली किती दूरवर चालते याचे एक उदाहरण २०१४ मध्ये जगाने पाहिले. यूएसबी-सीरियल रूपांतरकात वापरल्या जाणाऱ्या चिपा बनविणाऱ्या एफटीडीआय या कंपनीने आपला नवा ड्रायव्हर विंडोजच्या अद्ययावतीकरणातून पाठविला. आपल्या चिपेची नक्कल आढळल्यास तिचा ओळखक्रमांकच पुसून टाकण्याची योजना त्यात होती. नक्कल करणाऱ्याला शासन व्हावे याबद्दल वाद नाही. परंतु लॅमिंग्टन रोडवरून काही शे रुपयांची केबल आणणाऱ्या कारागिराला आतली चिप अस्सल की नकली हे कसे कळावे? गुन्हा एकाचा आणि केबल मेली दुसऱ्याची. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. पण दूरवरच्या एका निर्णयाने हजारो टेबलांवरची साधने निकामी होऊ शकतात, हे त्यातून दिसून गेले.

या तिसऱ्या झिजेचा खर्च कोण भरतो? मोठ्या कारखान्याजवळ उपाय असतात. मायक्रोसॉफ्ट संस्थांना विंडोज १० चा वाढीव सुरक्षा-आधार तीन वर्षांपर्यंत विकत देते: पहिल्या वर्षी दर संगणकामागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. ज्याच्याजवळ अभियंत्यांचा विभाग आहे तो हे पैसे भरील, अथवा कंट्रोलरच बदलून घेईल. दोन यंत्रे आणि चार कामगार असलेल्या शेडला पैशापेक्षाही कामाचा खाडा जड जातो. यंत्र आठवडाभर उभे राहिले की वेळेवर माल न मिळालेला मोठा गिऱ्हाईक दुसरीकडे वळतो. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. शेवटी यंत्र किलोच्या भावाने भंगारात जाते. त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट भंगारात जाते, जिची मोजदाद कोणी करीत नाही. कोणत्या धातूला कोणती गती, कोणत्या आवाजाला टूल बदलावे, हे त्या यंत्रावर वीस वर्षे काढलेल्या ऑपरेटरला ठाऊक असते. कामगाराच्या कौशल्याचा असा घसारा कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

यंत्राची भाषा कोणाच्या हाती असावी हा वाद तसा जुना आहे. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर स्वयंचलित यंत्रांच्या दोन वाटा समोर होत्या. एका वाटेने कुशल कारागीर स्वतः यंत्र चालवी, त्याच्या हालचाली फितीवर नोंदल्या जात आणि पुढे यंत्र त्याच हालचाली करी. दुसऱ्या वाटेने कचेरीतला माणूस आकड्यांत प्रोग्रॅम लिही आणि कारागिराने केवळ देखरेख करावी, अशी व्यवस्था होती. एमआयटीत १९५२ मध्ये प्रात्यक्षिक झाले ते दुसऱ्या वाटेचे, आणि अमेरिकन हवाई दलाच्या पैशावर तीच वाट रुळली. डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९८४ च्या 'फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन' या ग्रंथात दाखविले की ही निवड निव्वळ तांत्रिक नव्हती. शॉप फ्लोअरवरचे नियंत्रण कोणाकडे असावे, हा विचार तिच्यामागे होता. त्या वेळी भाषा कारागिराच्या हातून व्यवस्थापनाच्या कचेरीत गेली. आज ती लहान मालकाच्याही हातून निसटून दूरच्या कंपनीकडे गेली आहे. या एका बाबतीत लहान मालक आणि त्याचा कामगार एकाच बाजूला उभे आहेत.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारार्ह आहे. जुन्या प्रणाल्या सुरक्षित नाहीत, कंपन्यांनी त्या कुठवर सांभाळाव्यात, असे विचारले जाते. धोका खराच आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या विषाणूने जगभर संगणक बंद पाडले. फ्रान्समध्ये रेनोच्या कारखान्यांत काम थांबवावे लागले. पुढच्याच वर्षी तैवानच्या टीएसएमसी या चिप बनविणाऱ्या बलाढ्य कंपनीच्या कारखान्यांत त्याच जातीचा विषाणू एका नव्या यंत्राबरोबर शिरला. म्हणून जुना संगणक यंत्रासाठी ठेवावयाचा असेल, तर त्याला इंटरनेटपासून तोडून ठेवणे आणि पेनड्राइव्ह तपासल्याशिवाय न लावणे, हे पथ्य पाळलेच पाहिजे. परंतु त्याच २०१७ सालची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. तीन वर्षांपूर्वी आधार संपलेल्या एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टने त्या वेळी दुरुस्ती मोफत प्रसिद्ध केली. निकड वाटली तेव्हा जे शक्य झाले, त्याला मुळात अशक्य म्हणता येणार नाही. शिवाय मागणी जन्मभर सेवा देण्याची नाहीच. सेवा थांबवावयाची तर थांबवा. पण जाताना किल्ली ठेवून जा, एवढेच म्हणणे आहे.

किल्ली सार्वजनिक झाली म्हणजे काय होते, याचा पुरावा उपलब्ध आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाणके व तंत्रविज्ञान संस्थेने १९९० च्या दशकात यंत्रनियंत्रणाचा एक प्रोग्रॅम तयार केला. सरकारी पैशाने झालेले काम म्हणून तो सर्वांसाठी खुला राहिला. जगभरच्या स्वयंसेवकांनी तो वाढविला आणि आज तो लिनक्ससीएनसी या नावाने ओळखला जातो. जुना पॅरलल पोर्ट त्याला चालतो. वेळेचे काटेकोर भान ठेवण्याची जी सोय त्याला लागते, ती २०२४ मध्ये लिनक्सच्या मूळ गाभ्यातच समाविष्ट झाली. ज्या यंत्राला विंडोज ११ नाकारते, त्याला हा प्रोग्रॅम आजही चालवू शकतो. अर्थात तो शिकावा लागतो, आणि शिकविणारा मराठीत बोलणारा असेल तर लवकर शिकता येतो. आयटीआय आणि तंत्रनिकेतने यांनी उचलावे असे हे काम आहे.

आपल्या कायद्यातही अगदीच अंधार नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, प्रोग्रॅम कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला, स्वतंत्रपणे रचलेला दुसरा प्रोग्रॅम त्याच्याशी जुळविण्यासाठी लागणारी माहिती मिळविण्याची मुभा आहे. मात्र ती माहिती अन्यथा सहज उपलब्ध नसली पाहिजे. हे कलम लघुउद्योजकांच्या किती संघटनांना ठाऊक आहे? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तू वगळल्या, तरी स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेले साधन वगळलेले नाही. एका लेथवर स्वतः राबणारा माणूस ग्राहक ठरू शकतो. चार कामगार ठेवले की त्याची वाट बिकट होते. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्यापुढे शेतीची अवजारे, मोबाइल व टॅबलेट, टिकाऊ घरगुती वस्तू आणि वाहने ही क्षेत्रे होती. कारखान्यातले उत्पादनयंत्र त्या यादीत नव्हते. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये कायदा करून शेतकऱ्याला ट्रॅक्टरची दुरुस्ती करता यावी म्हणून सुटे भाग, माहितीपुस्तके आणि सॉफ्टवेअर देणे उत्पादकांना बंधनकारक केले. ट्रॅक्टर हे शेतकऱ्याचे उत्पादनसाधन, तसे मिलिंग यंत्र हे लहान कारखानदाराचे. एकाला जो न्याय, तो दुसऱ्याला का नसावा?

म्हणून मागण्या तीन. एक: यंत्राच्या ड्रायव्हरचा आधार थांबविणाऱ्या उत्पादकाने त्याचा मूळ मजकूर, निदान संभाषणाचे संपूर्ण नियम, प्रसिद्ध करावेत. दोन: सरकारी टूलरूम, आयटीआय व सार्वजनिक उद्योग यांनी यंत्र खरेदी करताना ही अट करारातच घालावी, एवढ्या मोठ्या खरेदीदाराने अट घातली तर विक्रेत्याला तिचा विचार करावाच लागेल. तीन: दुरुस्तीच्या हक्कात उत्पादनयंत्रांचा समावेश व्हावा.

आणि कायद्याची वाट पाहत असताना करण्याजोगे कामही आहे. जुन्या कंट्रोलरचे पॅरामीटर बॅटरीच्या जोरावर टिकतात. बॅटरी संपली की ते पुसले जातात. ते आजच उतरवून दोन ठिकाणी ठेवावेत. केबलच्या पिनांची जोडणी आणि जुळलेले आकडे वहीत लिहावेत, आणि ती वही शेजारच्या शेडलाही दाखवावी. स्पर्धकाला का दाखवावे, असे वाटेल. पण त्याचेही यंत्र त्याच जातीचे आहे, आणि उद्या जेव्हा आपल्या यंत्राची वाचा बसेल, तेव्हा त्याच्या वहीतला एखादा आकडाच ते पुन्हा बोलते करील. सहकाराचे शिक्षण महाराष्ट्राने साखर आणि दूध यांवर घेतले. आता ते एका केबलपासून पुन्हा सुरू करण्याची वेळ आली आहे.