कोयता आणि डोळा

गाळप सुरू झाले, की माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या कारखान्यांकडे बीड-अहिल्यानगरची ऊसतोड मंडळी येतात. नवराबायको मिळून एक 'कोयता' होतो आणि मुकादमाची उचल त्या जोडीवर असते. एकाची दृष्टी गेली तर कोयता मोडतो. उचल मात्र फिटत नाही.

मधुमेह हा बसून खाणाऱ्यांचा रोग, ही समजूत आपण आता सोडली पाहिजे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात १० कोटींवर मधुमेही आहेत. रक्तातील वाढलेल्या साखरेने डोळ्याच्या पडद्यावरील बारीक वाहिन्या झिरपू लागतात. प्रारंभी ना दुखते, ना अंधुक दिसते. दिसेनासे झाल्यावर येणाऱ्यास बहुधा उशीर झालेला असतो. वेळीच कळले तर लेझरने वा इंजेक्शनने पुष्कळ दृष्टी राखता येते. यासाठी दरवर्षी पडदा तपासावा लागतो.

इंग्लंडमध्ये २००३ पासून मधुमेह्यांना बोलावणे धाडून पडद्याची छायाचित्रे घेण्याची व्यवस्था उभी राहिली. परंतु बोलावण्याला पत्ता लागतो. तोडणीवाल्याचे गाव एक आणि कोपी दुसरीकडे! दिवसा शिबिर भरते, तेव्हा तो फडात असतो.

म्हणून आम्ही म्हणतो, कॅमेराच संध्याकाळी कोप्यांवर जावा. साखर तेथेच तपासावी, उपचार लागल्यास हंगामातच व्हावा, आणि कागद त्याच्या हाती देऊन त्याच्या गावच्या आरोग्य केंद्रासही कळवावे.

ज्यांच्या श्रमाची साखर आपण खातो, त्यांचे डोळे साखरेने जावेत, हे आपल्या तालुक्यांस शोभणारे नाही.